भोंग्याचा अल्बम

आईनं हेडफोन कानांवर चढवला तेव्हा ती अजून नर्सच्या ड्युटीच्या कपड्यांतच होती. रात्रपाळी करून आलेली, पायांचे नुसते गोळे झालेले, आणि समोर हा भोंगा दाराला टेकून उभा. भोंगा म्हणजे तिचा धाकटा. पाळण्यात असल्यापासून आवाजच असा, की शेजाऱ्यांना दुसरं नाव सुचलंच नाही.

"आत्ताच ऐकायला पाहिजे का रे?"

"आमचा बँड दौऱ्यावर निघतोय ना. खाली व्हॅन भरतायत."

"मग मी झोपून उठले की ऐकीन. फोनवर सांगीन कसा वाटला ते."

"नको. मी घरात असताना ऐक." एवढं बोलून त्यानं फोनवर बोट दाबलं आणि तो स्वयंपाकघरात निघून गेला.

पहिलं गाणं सुरू झालं आणि आईनं दोन्ही हातांनी हेडफोन घट्ट धरला. काय ती गिटार, काय ते ड्रम. पत्र्याच्या छपरावरून कुणी लोखंडी कपाट ओढत नेत असावं तसं. आणि त्या सगळ्यावर तिचा लेक बेंबीच्या देठापासून ओरडत होता. शब्द कळतील तर शपथ. दुसऱ्या गाण्यातही तेच. तिसऱ्यात तर ओरडण्याखेरीज दुसरं काही नव्हतंच.

तिला एका जागी बसवेना. उठली, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला लागली, त्या अर्धवट टाकून परत बसली. दारातून तो दिसत होता. त्यानं फ्रीज उघडला, बंद केला. पेला भरून पाणी घेतलं आणि न पिताच ओतून दिलं. मेलं ह्याला काय झालंय, तिनं मनात म्हटलं. एवढा गाजावाजा करून बँड काढला, आता आईला ऐकवताना घाबरतोय.

ओरडण्याचं तिला काही नव्हतं. तिची सगळी नोकरी ओरडणाऱ्यांत गेली होती. कॅज्युअल्टीत नवीन मुली रुजू झाल्या की ती पहिल्याच दिवशी त्यांना बजावायची, ओरडणाऱ्याकडे आधी धावू नका. ओरडतोय म्हणजे छातीत हवा आहे, तो थांबू शकतो. गप्प पडलाय त्याच्याकडे आधी बघा.

पुढंपुढं तर तिचा पायसुद्धा ठेका धरायला लागला. अगंबाई, हे चक्क बरं वाटतंय की. पोरगं दमदार ओरडतंय. पूर्वी ह्याच आवाजात ताटावरून भांडायचा, दारं आपटायचा. तिला हसू आलं.

मग सगळं थांबलं. संपलं असं वाटून ती हेडफोन काढणार, इतक्यात परत त्याचा आवाज आला. गिटार नाही, ड्रम नाही. ते गाणं होतं असंही म्हणता येणार नाही. उशीत तोंड खुपसून कुणी बोलावं तसा तो बोलत होता, आणि शब्द न् शब्द कळत होता.

कुणी विचारलं तर सांगा, बरा आहे. जेवतो, झोपतो, बरा आहे. त्रास नाही कुणाला, बरा आहे.

घरात दार शेवटचं कधी आपटलं होतं? ताटावरून शेवटचं भांडण कधी झालं? तिला आठवेना. वर्ष तरी उलटलं असेल. घर शांत झालं म्हणून ती किती सुखावली होती! भोंगा शहाणा झाला हो आमचा, असं सगळ्यांना सांगत सुटली होती. बहिणीला सांगितलं, शेजारी सांगितलं. त्याच कॅज्युअल्टीत, त्याच मुलींना, चहा पिता पिता कौतुकानं सांगितलं.

"संपला?" तो दारात येऊन उभा होता. "डोकं दुखलं असेल ना तुझं?"

"त्या आरडाओरडीचं काही नाही. ते शेवटचं."

"ते गिटारवाल्यानं लिहिलंय. मी नुसतं म्हटलं."

"लिहिलं कुणी ते विचारलं नाही मी."

खाली व्हॅनचा हॉर्न वाजला. त्यानं बॅग खांद्याला लावली आणि फोन घ्यायला हात पुढं केला. आईनं फोन दिला नाही, त्याचं मनगटच धरलं. बोटं आपोआप नाडीवर गेली. मनगट केवढं बारीक झालं होतं, आणि रोज तिच्याच हातचं वाढून घेत होता तो.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

हॉर्न पुन्हा वाजला, ह्या वेळी लांबलचक. खालून कुणीतरी त्याच्या नावानं शंख करत होतं.

"आई, सगळे खोळंबलेत."

"थांबू देत त्यांना."

तो बूट न काढताच तिच्याशेजारी पलंगावर टेकला. बॅग खांद्यावर तशीच. समोरच्या अर्धवट घडीची बाही त्यानं सरळ केली, आणि मग उत्तर दिलं. इतक्या हळू, की ते ऐकायला तिला कान त्याच्या तोंडाजवळ न्यावा लागला.