नितळ पाणी

शैला गुप्तेबाईंनी बनवलेली पांढरी पावडर टाकून डोंबिवलीतल्या रंगकारखान्याचं सांडपाणी उन्हात ठेवलं, आणि लालभडक पाणी नितळ झालं.

“नुसता रंग गेलाय, शेठ. विष तसंच आहे. अजून ऊन द्यायला हवं.”

“लोकांची तक्रार रंगाचीच होती, बाई. सोडा खाडीत.”

बाईंनी पाणी सोडलं.

महिन्याभरात कोपरची मालू कोळीण डबा घेऊन त्यांच्या दारात आली. “बाय, तुमच्या पावडरीनं खाडी साफ झाली. लाल पानी दिसला का आमी जाला टाकत नव्हतो, आता रोज टाकतो. पोरा पोटभर खातान. तुमच्यासाठी कालवन आनलाय.”

ती गेल्यावर बाईंनी कालवण कचऱ्यात ओतलं. दुसऱ्या दिवशी घासलेला डबा परत देत म्हणाल्या, “काय चव आहे गं तुझ्या हाताला!”