दोन दहाचा मुहूर्त

डिकी उघडत नाही हे भाऊसोला कळलं तेव्हा दोनला पाच मिनिटं कमी होती, आणि तीन वाजता अर्ज घेणं बंद होणार होतं.

कोरेगावच्या तहसील कचेरीसमोर त्याची चार महिन्यांची गाडी उभी होती. डिकीत बॅग, बॅगेत सरपंचपदाचा अर्ज, दाखले, सूचकाची सही. अर्ज सकाळीच देता आला असता, पण भटजींनी दोन दहाचा मुहूर्त काढून दिला होता. विरोधात कुणी नव्हतं. तिघांना दम देऊन त्यानं घरी बसवलं होतं. बिनविरोध निवडून येणाऱ्या माणसाला मुहूर्त कशाला लागतो, हे विचारायची सोय नव्हती. भाऊसोला विचारायचं नसतं, त्याचं फक्त ऐकायचं असतं.

त्याची बायको अंबूबाई मात्र अकरालाच मोकळी झाली होती. तिचा डमी अर्ज. छाननीत नवऱ्याचा बाद झालाच तर घरातलं एक नाव असावं म्हणून भरायचा, नाहीतर मागे घ्यायचा. "तुला कसला आलाय मुहूर्त? जा, दिऊन ये," म्हणून त्यानं तिला आत पिटाळलं होतं. आता ती गाडीजवळच्या लिंबाखाली पिशवीत हात घालून जपाची माळ ओढत बसली होती.

समोरच्या गल्लीत आकारामचं गॅरेज. आकाराम भाऊसोच्याच गावचा, गाड्यांची वायरिंग करणारा. निरोप मिळताच तो स्कॅनर घेऊन आला.

"त्यो खेळण्यातला फोन कशाला आणलायस?" भाऊसो म्हणाला.

"स्कॅनर हाय. कुठं दुखतंय ते गाडीच सांगती ह्याच्यावर."

"तुज्यासंगं बोलणार व्हय माजी गाडी? धा वेळा बारावीला बसलास तू."

अडला हरी गाढवाचे पाय धरतो म्हणतात. हा हरी गाढवालाच लाथा घालत होता.

दुखणं साधं दिसत होतं. रिमोट दाबला की चारही दारं आणि डिकी 'टक' करून उघडत, आणि डिकीला हात लागायच्या आत 'खट' करून पुन्हा बंद होत. ड्रायव्हरचं दार चावीनं उघडत होतं. डिकीला मात्र चावीचं भोकच नव्हतं. नव्या गाडीची मिजास, दुसरं काय.

आकाराम आत बसला, दार ओढून घेतलं, स्टेअरिंगखाली स्कॅनरची पिन खोचली आणि काच खाली केली.

"कोड न्हाई," तो म्हणाला.

"म्हंजे?"

"मोटर गेली, वायर तुटली, दाराचा स्विच अडकला, तर कोड येतो. इथं एकबी न्हाई. गाडी ठणठणीत हाय."

"मग मी खुळा हाय का?"

लॉकला हुकूम कुठून येतो ते दाखवणारं पान आकारामनं उघडलं आणि भाऊसोला रिमोट दाबायला लावला. टक. खट. त्यानं पडद्यावरची ओळ दोनदा वाचली.

"चाव्या किती हायत गाडीला?"

"एक हातात, एक घरी कपाटात. इस्टेट मोजाय आलायस का माजी? गप काम कर. तुज्या बापाची आमच्या बांधावर उभं ऱ्हायची छाती न्हवती, आन तू माजी चौकशी करणार!"

आकारामनं उघडलेलं तोंड मिटलं.

"मग लॉकचं मॉड्यूल बघावं लागंल," तो शांतपणे म्हणाला. "टाइम लागंल. न्हाईतर मागचं सीट काढून पत्रा कापू?"

"नव्या गाडीला कापतोस? हात तोडीन!"

दोन दहा झाले. मुहूर्त गेला. दोन वीस, दोन तीस. आकाराम एकेक पान उघडत होता, मिटत होता, मान हलवत होता. भाऊसोच्या तोंडाचा पट्टा आधी त्याच्यावर चालला, मग गाडी बनवणाऱ्यावर, मग बायकोवर.

"बसलीस काय ढिम्म! सिद्धनाथाला सांग की."

"सांगतीय की," अंबूबाई म्हणाली आणि जप चालू ठेवला.

पावणेतीनला भाऊसो म्हणाला, "काप पत्रा." आकाराम कटर आणायला गेला तो सावकाश, भर उन्हात पाय ओढत. सीट निघालं, पत्र्याला कटर लागला, आणि कचेरीच्या शिपायानं दार लावून घेतलं. भाऊसो धावला. आधी शिव्या दिल्या, मग हात जोडले. दार उघडलं नाही. शेवटी पायरीवर बसला आणि त्याचा चेहरा असा पडला की दुसऱ्या कुणाची दया आली असती.

पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. दोन मिनिटांत तो ताडकन उठला.

"आरं, अंबीचा अर्ज हाय की आत!" मांडीवर थाप मारून तो हसला. "दुसरा अर्जच न्हाई. झाली की बिनविरोध. हिला काय कळतंय? ही सह्या करंल, खुर्चीत मी बसीन. घरची गाय, दावणीला बांधायची!"

बायकोकडे बघायचीही गरज त्याला वाटली नाही. फोन कानाला लावून, गुलाल आणि हारांची ऑर्डर देत तो रस्त्यापलीकडच्या सावलीला गेला.

आकारामनं स्कॅनरची पिन काढली, वायर गुंडाळली आणि लिंबाखाली येऊन वाकला.

"वैनी," तो हळूच म्हणाला, "पिशवीतल्या चावीचं बटन सोडा आता. तीन वाजून गेलं."