ताबा

“दादा, उद्या मला बोलायला लावू नकोस,” धाकटा म्हणाला. थोरल्याने भाषणाच्या कागदावरून डोळेही वर केले नाहीत.

“का? घसा बसला?”

“नाही. एक विचार येतोय सारखा.” धाकट्याने केबिनचं दार लोटून घेतलं. “कामगार बाबांना मागून काय म्हणायचे, ठाऊक आहे ना?”

थोरल्याला ठाऊक होतं. ती टोकदार दाढी, ते चिरकं ओरडणं. काचेच्या त्या कारखान्यात भट्टीपासून गेटपर्यंत सगळे वडिलांना बोकड म्हणत. तोंडावर म्हणायची मात्र कुणाची छाती नव्हती.

“शोकसभेत माईक हातात घेतला की माझ्या तोंडून तोच शब्द निघणार, असं वाटतं. नाही म्हणायचं, नाही म्हणायचं म्हणून जितका दाबतो, तितका जिभेवर येतो.”

थोरला हसला. हा लहानपणापासून असाच. झुरळ दिसलं की खुर्चीवर चढणारा, लावलेलं कुलूप पुन्हा पुन्हा ओढून बघणारा. असल्या शेळपटाचं नाव वडिलांच्या खुर्चीसाठी निघतंच कसं, याचंच त्याला नवल वाटे. खुर्ची कुणाची, हे वडिलांचे जुने भागीदार ठरवणार होते. दोघं त्यांना काका म्हणत. उद्या सभेत दोन्ही भावांना ऐकायचं आणि मग सांगायचं, असं काकांनी ठरवलं होतं. आता ऐकायला एकच उरला.

“मन म्हणजे नोकर,” थोरला म्हणाला. “डोळे वटारले की गप्प बसतो. तू त्याला डोक्यावर बसवून ठेवलायस. जा, मागे कुठेतरी बसून राहा. मी एकटा बोलेन.”

“उपकार झाले, दादा.”

दुसऱ्या दिवशी दाढी करताना तो शब्द थोरल्याच्या मनात आला. त्याने झटकला. चहाबरोबर परत आला. “भाषण पाठ झालं का?” बायकोने विचारलं, तर उत्तर देण्याआधी त्याने ओठ घट्ट मिटून घेतले. गाडीत भाषण घोकताना ‘वडील’ म्हणायची वेळ आली की जीभ अडे. असली थेरं आपली नव्हेत, धाकट्याची, असं त्याने स्वतःला बजावलं.

पॅकिंगची शेड गच्च भरली होती. भट्टीवाले, हमाल, व्यापारी. पुढच्या रांगेत आई आणि काका. मंचावर वडिलांचा मोठा फोटो, दाढीसकट. तिकडे बघायचं नाही असं थोरल्याने ठरवलं आणि तिकडेच बघितलं.

सुरुवात झकास झाली. आवाज लागला. काका मान डोलवू लागले. मागच्या भिंतीशी धाकटा मान खाली घालून बसला होता. बिचारा. त्याची ती भीती आठवून थोरल्याला आतल्या आत हसू फुटलं, आणि हसण्यामागोमाग शब्द वर चढला. नाही. वडील म्हणायचं. वडील, वडील, वडील.

“हा कारखाना ज्यांनी घाम गाळून उभा केला,” तो म्हणाला, “ते आपले सर्वांचे लाडके बोकड…”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळी शेड हसली. आईने चेहरा हातांत लपवला. सावरायला थोरल्याने तोंड उघडलं, तर पुन्हा तोच शब्द बाहेर पडला.

काकांनी उठून त्याच्या हातातला माईक काढून घेतला आणि धाकट्याला हाक मारली.

धाकटा आला. हातात कागदाचा कपटाही नव्हता. तो वडिलांबद्दल असं बोलला की मघाशी हसलेलेच डोळे पुसू लागले. कुठे अडखळला नाही. बोलून झाल्यावर काकांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला घेऊन ते वडिलांच्या केबिनकडे निघाले.

थोरला मंचाच्या पायरीवर बसला होता. जाणाऱ्या धाकट्याची बाही त्याने धरली.

“तुला कसं जमलं रे? तो शब्द मनात आला नाही?”

“नाही,” बाही सोडवून घेत धाकटा हळूच म्हणाला. “कधीच आला नव्हता.”