लाल दिवा

दोन महिन्यांत तिसऱ्या बॅटरीने मान टाकली, तसा छोट्या विमानाचा मालक हँगरमध्ये येऊन मेकॅनिकवर तोंड सोडू लागला. "भंगार बॅटऱ्या गळ्यात मारता!"

मेकॅनिकला त्या माणसाचा वीट आला होता. त्याने अल्टरनेटरचा झिजून सैल झालेला पट्टा दाखवला. "बॅटरी चार्जच होत नव्हती. तेव्हा समोर लाल दिवा लागतो, दिसला नाही?"

"तो मी केव्हाच बंद केला," मालक ऐटीत म्हणाला.

मेकॅनिकने चार्ज केलेली बॅटरी जोडली आणि कॉकपिटमध्ये वाकून स्विच चालू केला. दिव्याच्या जागेवर मालकाच्या लेकीने रंगवलेली चिठ्ठी चिकटवलेली होती: 'बाबा, सुखरूप परत या.' त्याने ती नखाने सोलली. खाली दिवा लालभडक पेटलेला.



"अहो, लावा ती परत," मालक खेकसला, "तो मेला सारखा डोळ्यांत खुपतो!"