भूल उतरताना

सगळ्या किल्ल्या हाताशी असलेला कॉम्प्युटरमधला प्रोग्राम कोसळला, की पोटातलं सगळं एका फाइलमध्ये ओकायचा, पासवर्डसकट. आणि ती फाइल कुणालाही उघडता यायची. ही भानगड इंजिनियरने तीन आठवडे डोकं फोडून निस्तरली. आता फाइल फक्त मालकालाच उघडता येते. जेवताना त्याने हे इतक्या वेळा ऐकवलं, की बायकोला पाठ झालं.

मग त्याचं अपेंडिक्स काढावं लागलं. भूल उतरताना तो बरंच बडबडला, असं नर्सने हसत सांगितलं आणि त्याचं धाबं दणाणलं.

"पासवर्ड बोललो का गं मी?"

"सुरुवात केलीस, तशी मी सगळ्यांना बाहेर काढून दार लावलं," बायको म्हणाली. "तुझीच पद्धत. फक्त मालकाने ऐकलं."

त्याने डोळे मिटून सुटकेचा निःश्वास टाकला.

तिने खुर्ची पलंगाजवळ ओढली. "आता मला एवढंच सांग. माझ्या आईने विणलेला स्वेटर मांजराने फाडलाच नव्हता, तर आपण मांजर का देऊन टाकलं?"