चालणारा नेचा

"साठ फूट!" डॉक्टर गांगुर्डे ओरडलेच. "भिमाबाई, टेप नीट धरलाय ना?"

"धरलाय की. तुमी आदी टेका, सर. केवढी धाप लागलीय."

धम्मपाल गांगुर्डे नाशिकच्या कॉलेजात चौतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. पेठजवळच्या या डोंगरावर दर श्रावणात ते एकच नेचा बघायला यायचे; सोबतीला पायथ्याच्या पाड्यावरची भिमाबाई. फूल नाही, फळ नाही, नुसती पिसासारखी पानं. पण हा गडी चालत होता! चार वर्षांपूर्वी पार वर, कड्याला लागून, त्यांनी स्वतः त्याच्या बुडख्याला चौदा नंबरचा पत्र्याचा बिल्ला बांधला. दुसऱ्या साली तो बारा फूट खाली. मग तीस. गेल्या साली, सर काठी घेऊन आले तेव्हा, चाळीस. बिल्ला तोच. शेजारचा तेरडा आणि कळलावी मात्र जागच्या जागी.

मुळाशी माती भुसभुशीत होती. गांडुळांचं काम, त्यांनी वहीत नोंदलं.

"शेळ्या तोंड लावत नाहीत ना?"

"फिरकू देते व्हय? माझी राखण हाय."

"आणि पाड्यावरचं कुणी?"

"त्यांना काय करायचंय? भाजी बी होत नाय त्याची."

डॉक्टरांनी शेवटची ओळ लिहिली : ‘वनस्पती स्वतःहून उताराकडे स्थलांतर करते.’ उद्या परिषदेत हाच निबंध वाचायचा होता. समोर तेच जुने सहकारी बसणार, जे पाठीमागे खिदळायचे, "गांगुर्ड्यांचा नेचा चालतो, गांगुर्डे लंगडतात!" उद्या त्यांची तोंडं बंद, नाहीतर चौतीस वर्षांच्या नावावर पाणी.

"फुडल्या साली येनार ना, सर?"

"येणार! रांगत का होईना."

दंडाला धरून भिमाबाईनं त्यांना पायथ्याच्या आपल्या घरी उतरवलं, नागलीची भाकरी वाढली आणि जीपच्या वाटेला लावलं.

दहा पावलांवर डॉक्टरांना आठवलं, काठी राहिली. ते वळले. कुडाआडून भिमाबाईचा आवाज आला. ती नवऱ्याला सांगत होती.

"अवो, कुदळ काढून ठेवा. सरांचं गुडघं पार गेलं. दर साली थोडं थोडं खाली आनून भागायचं नाय आता, औंदा ते झाड अंगनातच लावू."