चौथा नमुना

यो-योचा चौथा नमुना दोरीच्या टोकाला गेला आणि तिथेच गरगरत राहिला. स्पर्धेसाठी तो बनवून घ्यायला आलेल्या मिझुहोने श्वास रोखला आणि त्या फिरत्या कडेवर करंगळीचं नख टेकवलं. नख थरथरलं.

"डगमगतोय," ती म्हणाली.

धाकट्या शिगेओने दाराकडे पाहिलं. दाराबाहेर हामागुची भंगारवाल्याचा ट्रक इंजिन चालू ठेवून उभा होता. चौथाही यो-यो डगमगला तर धाकट्याचा लेथ उचलून न्यायचा, असं थोरल्या भावाने, तोकुझोने, कालच ठणकावून सांगितलं होतं. कारखाना थोरल्याच्या नावावर. शिगेओच्या नावावर काहीच नव्हतं, पण त्या लेथपाशी चाळीस वर्षं उभं राहून त्याच्या टाचांनी फरशीत दोन खळगे पाडले होते.

"बघ," तोकुझो म्हणाला. "माझं अर्धुक आरशासारखं आहे. थरथर तुझ्या हातात आहे, दारुड्या."

"माझ्या हातात? दादा, तुला नाकावरची माशी दिसत नाही आणि तू शतांश मिलिमीटर बघतोस?"

या कारखान्यात यो-योचं डावं अर्धुक तोकुझोने कातायचं, उजवं शिगेओने. ज्याने त्याने आपापल्या मायक्रोमीटरने मोजायचं. दुसऱ्याच्या मायक्रोमीटरला बोटही लावायचं नाही, ही बापाच्या वेळची रीत. हिगाशी-ओसाकाचे लेथवाले एकवेळ शेजाऱ्याच्या बायकोचा हात धरतील, पण शेजाऱ्याच्या मायक्रोमीटरला हात घालणार नाहीत.

शिगेओने आटे फिरवून यो-यो सोडवला. आपलं अर्धुक उजव्या मुठीत धरलं. डाव्या हाताने त्याने थोरल्याच्या लाकडी पेटीतून थोरल्याचा मायक्रोमीटर उचलला.

तोकुझोचा पाना आधी त्याच्या खांद्यावर बसला आणि मग त्याला दिसला. हाड वाजलं. शिगेओ ॲल्युमिनियमच्या किसाच्या ढिगात पडला, कीस गालात घुसला. उठता उठता त्याने थोरल्याच्या गुडघ्यावर लाथ घातली. दोघं मिळून एकशे तेहतीस वर्षांचे ते म्हातारे तेलाच्या डब्यावर आदळले, डबा लवंडला, आणि त्या तेलात ते एकमेकांचे गळे धरून घसरत राहिले. तोकुझोने धाकट्याचं डोकं टेबलाला बसवलेल्या लोखंडी व्हाइसवर आपटलं. एकदा. मग, नीट बसलं नाही असं वाटून, पुन्हा एकदा.

"लेथवर रक्त सांडू नका!" हामागुची ट्रकमधून ओरडला. "गंज चढतो. भाव पडेल!"

"काका, पुरे!" मिझुहो किंचाळली. "रविवारी स्पर्धा आहे माझी! सहा महिने घातलेत मी त्या यो-योच्या ड्रॉइंगवर!"

"तू मध्ये पडू नकोस, पोरी," तोकुझो धापा टाकत म्हणाला. "हे आमचं कामाचं बोलणं चाललंय."

तेवढ्यात शिगेओने उजवी मूठ फिरवली. मुठीत अर्धुक तसंच होतं. त्याची कड थोरल्याच्या जबड्यावर बसली, आणि असा काही आवाज आला की पलीकडच्या गल्लीतल्या स्प्रिंगवाल्याने प्रेस थांबवला. तोकुझोने तोंड उघडलं. रक्ताबरोबर एक दाढ बाहेर आली, चंदेरी टोपी घातलेली, आणि फरशीवर उड्या मारत लेथखाली गेली.

मिझुहोने अर्धुक उचललं. बाहीने रक्त पुसलं. कडेला दाढेच्या टोपीची खोल चेप पडली होती.

 तिने ओठ चावत दोन्ही अर्धुकं जोडली, आटे आवळले. भिंतीवर फेकून फोडायचंच म्हणून तिने हात वर नेला. पण वयाच्या सातव्या वर्षापासून यो-यो खेळलेला हात तो. त्याने आपसूक दोरी गुंडाळली आणि यो-यो नीट, मनगटातून फेकला.

यो-यो दोरीच्या टोकाला गेला आणि गप्प झाला. फिरत होता की नाही, तेही कळेना. मिझुहोने नख टेकवलं. मग दुसरं नख टेकवलं. मग डोळे मिटून गाल जवळ नेला.

हामागुचीने एक सिगरेट संपवली. दुसरी पेटवली. तीही संपली. यो-यो तसाच टांगलेला, फिरतोय.

"काका," मिझुहो हलक्या आवाजात म्हणाली, "हाच. चेपेसकट. अगदी असाच."

शिगेओ व्हाइसला धरून उभा राहिला. त्याला एकाच डोळ्याने दिसत होतं आणि तो त्या डोळ्याने आपल्या लेथकडे बघत होता. बाहेर ट्रकचं इंजिन बंद झालं. हामागुची खाली उतरला आणि दारातली उलटी बादली आतलं नीट दिसेल अशी ओढून तिच्यावर बसला.

"आमच्या संघात सगळ्यांना लागतील," मिझुहो म्हणाली. "अजून सहा. शनिवारपर्यंत होतील?"

 मग तोकुझोने स्टूल ओढलं, बसला, तोंडात जीभ एकवार फिरवून उरलेले टोपीवाले दात मोजले.

"होतील," तो म्हणाला, आणि हनुवटी जरा वर करून धाकट्याला म्हणाला, "मुठीची उंची मघाचीच ठेव."